वीजवीराचा एजंट

कांदा साठवायची बराख पेटली होती आणि भावजी आत होता.

वर उसाच्या पाचटाचं छप्पर, वाळून कडकडीत झालेलं. चुलीपासून मी धावत येईपर्यंत आग बराखीच्या निम्म्या लांबीवर आली होती. अलीकडच्या टोकाला, त्याच छपराला जोडलेल्या पडवीत, माझी गाभण म्हैस साखळीनं बांधलेली. दावं तोडायची खोड होती म्हणून तिला साखळी केली होती. ती खुंट्याभोवती फिरत होती आणि साखळी गुंडाळून आखूड होत चालली होती. पलीकडच्या टोकाला, धुरात, माझा धाकटा दीर गठ्ठे ओढत होता. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांचे गठ्ठे.

"भावजी, बाहेर या! छप्पर येतंय खाली!"

"आलो वहिनी! येवढा दिवाळी अंक काढतो आन् आलो!"

मालक नदीवर पाण्याची मोटार बघायला गेलेले. हाकेच्या अंतरावर कुणी नाही. म्हशीची साखळी सोडवायला जेवढा वेळ लागणार, तेवढाच ह्या शहाण्याला ओढून काढायला. दोन्हींना पुरेल एवढा वेळ नाही, हे मला उभ्या जागी कळलं. म्हैस वेतायला टेकलेली. घरातलं दूधदुभतं, सणाचा खर्च, सगळं तिच्यावर. आणि हा कोण, तर वीजवीराचा एजंट.

हा काय प्राणी होता आणि कांद्याच्या बराखीत पुस्तकं कशाला होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

तोंडावर मी त्याला भावजी आणि तुम्ही म्हणत आले. लिहिताना तो म्हणते, तेवढीच त्याची लायकी. आमच्या पिंपळवंडीत त्याला सगळे एजंट म्हणायचे. अंगानं काटकी, मान लांब, आणि चालताना दोन्ही काखेत पुस्तकं धरायची सवय, त्यामुळं हात मोकळे असले तरी कोपरं बाहेर काढून चालायचा. लग्न झालं नाही. मुलगी बघायला गेला की चहा यायच्या आत पिशवीतून एक पुस्तक काढून मुलीच्या धाकट्या भावाला द्यायचा, आणि मुलीकडं बघायचं सोडून त्या पोराला विचारत बसायचा, "आवडलं का? म्हैन्याला दोन घेशील का?" सगळीकडून नकार आला. "पन गिऱ्हाईक लागलं ना!" असं वर अभिमानानं सांगायचा.

नारायणगावच्या एसटी स्टँडबाहेर त्याचा स्टॉल होता. स्टॉल म्हणजे चार फळ्या आणि वर ताडपत्री. वर्तमानपत्रं, पंचांगं, राशिभविष्य हे पोटापुरतं. जीव सगळा कॉमिक्समध्ये. मोबाइल आले नव्हते तेव्हाची गोष्ट. पोरं त्या पुस्तकांसाठी आईच्या डब्यात हात घालायची.

असली पुस्तकं काढणाऱ्या दोन कंपन्या होत्या. एकीचा वीजवीर. पिवळे कपडे, पाठीला लाल धडपं बांधलेलं, बोटांतून वीज सोडायचा. दुसरीचा लोहकुमार. छाती लोखंडाची, एका बुक्कीत डोंगर फोडायचा. मी चौथी शिकलेली बाई. घरात छापलेलं दुसरं काही नव्हतं, म्हणून दोघांचीही पुस्तकं मी वाचली आहेत, भाकरी थापून झाल्यावर, पाय पसरून. दोघांनी कधी घास खाल्लेला मला दिसला नाही. गोष्टीत गाव आलं तर ते जळायला किंवा पुरात बुडायला. बाई आली तर ती किंचाळायला. गावातली माणसं सगळी हात वर करून आभाळाकडं बघत उभी, कुणी बादली उचलत नाही. अशा गोष्टी जो लिहितो त्यानं कधी चूल सारवलेली नाही, हे मला पहिल्याच पुस्तकात कळलं होतं. भावजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

वीजवीरवाल्यांचा एजंट आमचा हा. लोहकुमारवाल्यांचा एजंट मंचरच्या स्टँडवर बसायचा. त्याला आमच्या घरात मंचरकर म्हणत. जाडसर, मऊ बोलणारा, मिशा कोरलेला माणूस. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या एजंटाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके देऊन टाकले होते. म्हणजे एकाच वावराला दोन मालक. ज्याचा खप जास्त, त्याला त्याची कंपनी खेड तालुकाही जोडून देणार, असं दोघांनाही सांगितलेलं. कंपन्यांचं भांडण तिकडं मुंबईत असेल, माणसं पंख्याखाली बसून भांडत असतील. उन्हात मात्र हे दोन बैल झुंजत होते.

भावजीच्या तोंडात एकच शब्द, खप. जेवताना खप, आंघोळीला बसला तरी खप. मी एकदा म्हटलं, "भावजी, गवार तोडायची आहे, उद्या स्टॉल बंद ठेवा."

"वहिनी, गवार काय, दोन दिवसानं तोडली तरी गवारच. खप एकदा पडला का उठत न्हाई."

गवार दोन दिवसांनी निबर झाली. तीच त्याला आठवडाभर खायला घातली.

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यानं काय केलं ते अजून लोक सांगतात. त्याच्या डोक्यात आलं की बाजाराला आलेल्या शेतकऱ्याच्या खिशात पैसे असतात, पोरासाठी एखादं पुस्तक नेईल. विचार वाईट नव्हता. पण एवढ्यावर थांबेल तर तो भावजी कसला. त्यानं नारायणगावच्या शिंप्याकडून पिवळा डगला शिवून घेतला आणि पाठीवरच्या धडप्यासाठी माझं लाल लुगडं मला न विचारता फाडलं. हा वेष करून बाजाराच्या मधोमध एका टेम्पोच्या हौदात उभा राहिला आणि हात पसरून ओरडला, "वीजवीर आला! वीजवीर आला!" वारा सुटलेला, लुगडं फडफडलं, आणि शेजारची खिल्लार जोडी बुजून कासरा तोडून उधळली. एका बैलानं भेळवाल्याची पाटी पालथी केली, दुसरा थेट शाळेच्या अंगणात.

व्यापारी चाबूक घेऊन टेम्पोवर चढला. "पावणं, खाली उतरा! त्ये धडपं गुंडाळा आधी! ह्यो बैलबाजार हाय का तमाशाचा फड?"

"अहो, मी वीजवीर..."

"वीज पडली तुज्यावर! माजा बैल लंगडा झाला तर तुला औताला जुपीन, सांगून ठेवतो!"

आणि मंचरकर त्याच गर्दीत, साधा सदरा घालून, काखेत लोहकुमाराचे अंक घेऊन, हळू आवाजात लोकांना सांगत फिरत होता, "भाऊ, ह्ये घ्या पोरासाठी. ह्याला बैल बुजत न्हाई." त्याची सगळी पुस्तकं गेली.

भावजी घरी आला तो डगला काखेत, कपाळावर टेंगूळ. मला वाटलं आता शरमेनं दोन दिवस बोलणार नाही. तर उंबऱ्यातच म्हणाला, "वहिनी, मंचरकरानं बांध कोरला." आमच्याकडं शेताचा बांध कोरून दुसऱ्याची जमीन खाणं म्हणजे काय ते सांगायला नको. सख्खे भाऊ त्यापायी एकमेकांच्या मयताला जात नाहीत. त्या दिवसापासून हे दोघं तसे वागू लागले. मंचरकर नारायणगावच्या बाजारात दिसला की भावजी दुसऱ्या दिवशी मंचरला. तो ओतूरच्या शाळेपाशी, तर हा घोडेगावच्या. पोरांना सुटी होते की नाही, पाऊस आहे की ऊन, दोघांनाही काही नाही.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. एकदा तिकडून परत येताना कळंबला गाडी चहासाठी थांबली. बघते तर टपरीवर हे दोघं समोरासमोर, आणि मधे एक वायरमन पंच म्हणून बसवलेला. प्रश्न असा, की वीजवीर आणि लोहकुमार यांची लढाई झाली तर जिंकेल कोण.

मंचरकर म्हणत होता, "राव, लोखंडाला वीज लागली तर ती सरळ जमिनीत जाती. अर्थिंग म्हंत्यात त्याला. तुजा वीजवीर निस्ता रिकामा व्हईल."

"रिकामा व्हईल? तुजा लोहकुमार उभ्याउभ्या भाजंल! पत्र्याच्या शेडवर वीज पडल्याली कधी बघितली न्हाई का?"

"त्याच्या पायात रबरी बूट हाईत."

"कंच्या अंकात? दाखव! कंच्या अंकात रबरी बूट हाईत?"

वायरमन बशीतला चहा संपवून म्हणाला, "मी निकाल देतो. पन आधी सांगा, ह्या दोघांची वीजबिलं कोन भरतं?"

टपरीवरचे सगळे हसले. हे दोघं हसले नाहीत. दोघांना एकाच वेळी, एकसारखा राग आला. मिशा फुटलेली बाप्या माणसं, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ह्याला ओळखत नसल्यासारखी गाडीत जाऊन बसले.

खोडदला त्या मोठमोठ्या दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. तिथल्या शाळेपुढं उभा राहून हा पोरांना सांगायचा, की वीजवीर वरून निरोप पाठवतो तो ह्याच तबकड्यांत पडतो. पोरं खरं मानायची. एक दिवस तिथं कामाला असलेला एक माणूस मुलाला न्यायला आलेला, त्यानं हे ऐकलं. रागवायचं सोडून तो म्हणाला, "अजून तरी त्यांचा काही आवाज आला नाही बुवा. आला की कळवतो." आणि मुलासाठी दोन अंक घेतले. भावजी ही गोष्ट अशी सांगायचा, जणू सरकारनं त्याच्याशी करार केला.

फुकट वाचणारी पोरं त्यानं कधी हाकलली नाहीत, हे मात्र खरं. स्टॉलपुढं उभी राहून पोरं अख्खं पुस्तक वाचून परत ठेवायची. हा उलट त्यांना ताडपत्रीखाली ओढून घ्यायचा. "हितं सावलीत ये. उन्हात डोळं जात्याल."

मी म्हटलं, "फुकट्यांना सावली कशाला देता?"

"वहिनी, त्ये आज वीजवीर वाचतंय. म्हंजी लोहकुमार वाचत न्हाई. माजा खप वाढला न्हाई, पन मंचरकराचा एक घटला का न्हाई?"

असला हिशेब. एकदा एका अंकात वीजवीर मेला, शेवटच्या पानावर, दरीत पडून. ह्यानं दोन दिवस जेवण टाकलं. मी म्हटलं, "छापणाऱ्याला पुढचा अंक विकायचा आहे, तो कशाला मारतोय त्याला?" मला म्हणाला, "वहिनी, तुमाला काळीज न्हाई." पुढच्या महिन्यात वीजवीर एका झाडाला अडकलेला निघाला. ह्यानं पेढे वाटले.

आता बराखीचं. ह्या धंद्यात वापसी नावाची एक रीत होती. अंक खपले नाहीत तर एजंटानं फक्त मुखपृष्ठावरची नावाची पट्टी फाडून कंपनीला पाठवायची. पट्टी पोचली की तेवढ्या प्रती न खपलेल्या धरत आणि त्यांचे पैसे मागत नसत. उरलेली पुस्तकं भेळवाल्याला. सगळे एजंट असंच करायचे. भावजीनं कधी एक पट्टी फाडली नाही. एक तर म्हणायचा, "वीजवीराचं कपाळ फाडू का मी?" आणि दुसरं, वापसी गेली की खप कमी दिसणार. म्हणून न खपलेला प्रत्येक अंक तो स्वतःच विकत घ्यायचा. त्याच्या वाटणीचे टोमॅटोचे पैसे त्यात जायचे. आणि ते गठ्ठे माझ्या बराखीत.

आधी फार नसायचे. मग नारायणगावात केबल आली, आणि वर्षभरात पिंपळवंडीतसुद्धा घराघरावर वायरी. पोरं शाळेतून आली की टीव्हीपुढं. पुस्तकं फुकट वाचायलाही कुणी स्टॉलपाशी थांबेना. हे मला दिसत होतं, स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्याला दिसत होतं. ह्याला काय दिसत होतं? मंचरकराचा खप. "त्याचा म्हैन्याला एवढा हाय वहिनी, आन् माजा कमी कसा?" मग अजून गठ्ठे मागवायचा आणि अजून बराखीत आणायचा.

बराखीच्या भिंती तुरकाट्यांच्या, तुरीच्या वाळल्या काड्यांच्या असतात ते उगाच नाही. वारा आरपार गेला पाहिजे. चैत्रात भरलेला कांदा दिवाळीला बाजार वर गेला की काढायचा, तोवर त्याला वारा हवा, नाहीतर त्याला घाम सुटतो. आमच्याकडं हे रांगत्या पोराला कळतं. ह्या माणसानं पश्चिमेच्या, वाऱ्याच्या बाजूलाच पुस्तकांची थप्पी लावली, छपरापर्यंत. वर पुस्तकांना कांद्याचा वास लागू नये म्हणून मधे गोणपाट सोडलं.

"भावजी, कांदा गुदमरतोय."

"वहिनी, जिल्ह्यात नाव व्हनार हाय आपलं. कांदा काय, फिरून येतो."

मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "राहू दे, दिवाळीपर्यंत उचलंल." धाकट्या भावापुढं त्यांची जीभ कधी उचलली नाही.

त्या वर्षी मुंबईहून वीजवीरवाल्यांचा साहेब जीपमधून आला. दोन्ही तालुक्यांत भावजीचा खप एक नंबर, वापसी शून्य. स्टँडवर त्याला हार घातला, लाकडी ढाल दिली, आणि खेड तालुकाही दिला. रिक्षावाले टाळ्या वाजवायला बोलावलेले. साहेब म्हणाला, "असा एजंट मी पाहिला नाही. एकही प्रत शिल्लक नाही! पुढच्या महिन्यापासून तुम्हाला दुप्पट माल."

तो हार घालूनच घरी आला आणि ओट्यावर बसला. पाणी मागितलं, प्यायला नाही.

"वहिनी, जिंकलो."

"काय जिंकलात?"

"दुप्पट."

मला हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही. अजून वेळ होता. साहेबाला फोन करून खरं सांगता आलं असतं, पट्ट्या फाडून पाठवता आल्या असत्या. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग मंचरकर एक नंबर व्हईल." आणि दुप्पट माल आला.

त्यात दिवाळी अंक. लोहकुमारवाल्यांनी त्यांच्या दिवाळी अंकाबरोबर पत्र्याचा बिल्ला फुकट द्यायचं ठरवलं, म्हणून वीजवीरवाल्यांनी प्रत्येक अंकाला फुलबाज्यांचं पाकीट जोडलं. पाकिटावर लिहिलेलं, वीजवीराची वीज. अंकांचे गठ्ठे आणि फुलबाज्यांची खोकी, सगळं आलं ते माझ्या बराखीत, पाचटाच्या छपराखाली. स्टॉलची ताडपत्री गळते म्हणून. मी घरात नव्हते, भुईमूग काढायला गेले होते, नाहीतर खोक्यासकट त्याला नदीत बुडवला असता.

वारा अडल्यानं कांद्याला घाम सुटलाच होता. बराखीत ओल धरली. दिवाळीच्या तोंडावर त्यानं एक खोकं उघडलं तर पुठ्ठा मऊ लागला. त्याला भीती पडली की फुलबाज्या सादळल्या. पोरांना न पेटणारी फुलबाजी दिली तर मंचरकर हसेल. मग ह्या माणसानं, ज्याला मिसरूड फुटून बारा गावं हिंडून झाली होती, बराखीत उभं राहून एक फुलबाजी पेटवून बघितली.

नंतर मला म्हणाला, "येकच पेटवली वहिनी. सादळली का बघायला. सादळली नव्हती."

तर मी दारात उभी होते. म्हैस ह्या बाजूला, हा त्या बाजूला. मी तोंडावर ओला पदर धरला आणि आत शिरले. कांदा भाजल्याचा वास आणि कागदाचा धूर. डोळे उघडेनात. खोकल्याच्या आवाजावर गेले. त्यानं दोन्ही काखेत दोन गठ्ठे धरलेले, त्याच त्याच्या पद्धतीनं, आणि तिसरा उचलायला वाकलेला. गठ्ठे धरून दारातून तो निघत नव्हता, कोपरं अडकत होती.

"अरे मुडद्या, टाक ते!"

उभ्या आयुष्यात मी त्याला तेव्हाच अरे म्हटलं. त्यानं टाकलं नाही. मी सदऱ्याला धरून ओढला. सदरा फाटला. मग केसांना धरला. एका गठ्ठ्याची सुतळी जळून तुटली, वीजवीर सगळीकडं पसरले आणि पेटत वर उडाले. त्यांच्याकडं बघत तो एक पाऊल मागं सरला, तेवढ्यात मी त्याला अंगणात फेकला. माझ्या एका हाताची कातडी सोलून निघाली होती, ते मला मग कळलं.

वळले तर पडवीचं छप्पर खाली बसत होतं. मी पळाले. साखळीला हात लावला तर ती तव्यासारखी. पदर गुंडाळून पुन्हा लावला. वरून पेटतं पाचट पडलं आणि मागं सरावं लागलं. म्हशीचा आवाज बंद झाला.

भावजी अंगणात बसलेला, भुवया जळालेल्या. मला म्हणाला, "वहिनी, दिवाळी अंक आतच ऱ्हायला."

मी त्याला मारलं. सोललेल्या हातानंच मारलं. त्यानं गाल धरला नाही, तसाच बसून राहिला. मग पडवीकडं बघून त्यानं विचारलं, "म्हस?"

सगळा गाव जमला. मालक आले. बायकांनी माझ्या हाताला तूप लावलं. एकजण म्हणालीच, "अगं बाई, म्हस तर दाराशीच व्हती. ती आधी का न्हाई सोडली?" मी म्हटलं, "हाक मारून ती बी येत न्हाई आन् ह्यो बी येत न्हाई. ह्यो वजनाला हलका व्हता." बायका हसल्या. दुसरं कारण मी कुणाला दिलेलं नाही आणि देणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मंचरकर मोटरसायकलवरून आला. राखेपाशी उभा राहिला. कोपऱ्यातल्या न जळालेल्या गठ्ठ्याकडं बघून त्याच्या ध्यानात आलं, खप कुठं गेला होता ते. भावजीच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "माज्याकडंबी हाईत, राव. माळ्यावर. घरात झोपायला जागा न्हाई. बायको पोरांना घेऊन माहेरी ग्येली." मग दोघं रडले. वीजवीरासाठी रडले, लोहकुमारासाठी रडले. मी चहा दिला, दोघं प्यायले, आणि जाताना मंचरकरानं विचारलं, "पन खरं सांग, म्हैन्याला कितीक खपत व्हतं?" भावजीनं तेव्हाही वाढवून सांगितलं.

दोन्ही कंपन्या पुढं बंद पडल्या. साहेब पुन्हा आला नाही. भावजी स्टॉलवर वर्तमानपत्रं विकत राहिला आणि आमच्याच घरात जेवत राहिला. माफी त्यानं कधी मागितली नाही. दुसरी म्हैस आणली तेव्हापासून तिचा चारा तो माझ्या आधी उठून कापायचा. जाड कापायचा, निम्मा म्हैस टाकून द्यायची. कितीदा सांगितलं, सुधारला नाही. साखळी त्यानं घरात येऊ दिली नाही, त्या म्हशीनं किती दावी तोडली तरी. अलीकडं पोरांच्या मोबाइलवर परदेशातले वीर उडताना दिसले की खाटेवरून मान लांब करून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यांच्यात दम न्हाई." गेल्या उन्हाळ्यात तो गेला, दुपारी जेवून झोपला तो उठला नाही. दहाव्याला मंचरकर काठी टेकत आला होता.

आगीत आमचा वर्षाचा कांदा गेला. म्हैस गेली, तिच्या पोटातलं पारडू गेलं. भावजी वाचला.